पिशवी निघाली, पण परसाकडचं दुखणं राहिलं



दशसूत्रीतलं सहावं सूत्र आपण बैठकीत म्हणतो, नियमित आरोग्याची काळजी. म्हणतो आणि पुढच्या सूत्राकडे वळतो. या पानावर आजवर रक्तक्षय झाला, बाळंतपण झालं, पांढरं जाणं झालं, बीपी-शुगर झालं. या वेळचा विषय जरा लाजेचा आहे. शौचाचा आहे. अंकाची तयारी चालू असताना दोन ताई तोंडाला पदर लावून हसल्या, एक म्हणाली, "मॅडम, हे छापायचं व्हय?" छापायचं. कारण हा विषय कुणी बोलत नव्हतं म्हणून माझ्याच हातून एका बाईवर अन्याय झाला. तो आधी सांगते, मग धडा.

माझ्याकडच्या एका गावात एक काकू आहेत. नाव लिहीत नाही, त्यांनी "लिही, पण नाव नको" असं सांगितलंय. गावातला पहिला गट त्यांनीच बांधला. दारोदार जाऊन दहा बायका गोळा केल्या, बँकेत पहिलं खातं काढायला त्याच गेल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना शौचावाटे रक्त पडायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून कुणाकुणाची पुडी, कुणाचा लेप असे आठ महिने गेले. शेवटी मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घातली, तुकडा तपासला आणि गुदाशयाचा कॅन्सर निघाला. पाच आठवडे शेकाई (रेडिएशन) झाली, त्याच्या जोडीला गोळ्या, मग काही आठवडे थांबून ऑपरेशन. ऑपरेशनमध्ये पोटावर पिशवी बसवली होती. सहा महिन्यांनी, मार्गशीर्षात, ती काढून आतडं पुन्हा आत जोडलं. गावात सगळ्यांनी म्हटलं, सुटली बाई.

जानेवारीपासून काकू बैठकीला येईनात. आपली बैठक मंगळवारी सकाळी साडेआठला, पारावर. एक झाली, दोन झाल्या, नऊ बैठका झाल्या. निरोप पाठवला की उत्तर यायचं, "पुढच्या खेपेला येते." मी हजेरी तपासली आणि म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा, गैरहजेरीचा दंड लावा. दर बैठकीला दहा रुपये याप्रमाणे नव्वद रुपये काकूंच्या नावावर लिहिले. वर मी असंही सुचवलं की अंतर्गत कर्जाच्या यादीतून त्यांचं नाव या खेपेला मागे ठेवू. लेखे बरोबर होते. पंचसूत्री बरोबर होती. कुणीतरी घरी जाऊन यावं, एवढं मात्र कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

शेवटी आपल्या सीआरपी ताईने मला बाजूला घेऊन सांगितलं. मी गेले तेव्हा काकू घरात नव्हत्या, मागच्या अंगणात संडासाच्या भिंतीला टेकून पोत्यावर बसल्या होत्या. दिवसातला बराच वेळ तिथेच जायचा. म्हणाल्या, "पोरी, जवळ बसून ऱ्हायलेलं बरं. सात सात येळा जावं लागतंय. एकदा जाऊन हात धुतेय न धुतेय तोवर परत. कधी तर वारा सरल असं वाटतंय अन् लुगडं खराब." त्या दिवसातून एकदाच, रात्री जेवत होत्या. "पोटात घातलं की धावपळ. मग घालायचंच कशाला?" वजन आठ किलोने उतरलं होतं. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितली, "आजार उलटलाय. घरात बोलली न्हाई. पोराचं कर्ज आधीच लई झालंय."

आजार उलटलेला नव्हता. पण ते कळायला दवाखान्यात जायला हवं होतं, आणि तीन तासांच्या एसटीत संडास नाही म्हणून त्या तपासणीची तारीखच चुकवत होत्या. बघा कसं असतं, ज्या त्रासासाठी डॉक्टरकडे जायचं, त्याच त्रासामुळे जाता येत नाही.

आम्ही गेलो. कसं गेलो ते पुढे सांगते. रक्ताची तपासणी झाली, स्कॅन झालं, डॉक्टरांनी बोटाने तपासलं, सगळं ठीक निघालं. तिथल्या सिस्टरने आम्हा तिघींना, म्हणजे काकू, त्यांची सून आणि मी, अर्धा तास बसवून जे समजावलं, तोच आजचा धडा.

टाकी काढली, पाइप थेट नळाला जोडला

आपल्या मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. लांबी साधारण १२ ते १५ सेंटीमीटर, वितीहूनही कमी. पण काम मोठं. शौच तिथे येऊन साठतं, गुदाशय ताणला जातो, मेंदूला निरोप जातो, आणि "आत्ता नको, घरी गेल्यावर" असं आपण ठरवू शकतो. आत आलंय ते वारा आहे की पातळ आहे की घट्ट आहे, हेही तिथेच ओळखलं जातं. खाली गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन कडी असतात, ती दार धरून ठेवतात.

गावच्या पाणीपुरवठ्याचं उदाहरण घ्या. विहिरीचं पाणी टाकीत साठतं, टाकीतून नळाला सुटतं, म्हणून नळ आपल्या वेळेला उघडता येतो. उद्या टाकी काढून मोटारीचा पाइप थेट नळाला जोडला तर? मोटार चालली की पाणी आलंच, आणि जोरात आलं. वाल्व जुना झालेला असेल तर टपकतही राहणार. गुदाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये गाठीसकट ही टाकी, पूर्ण किंवा बरीचशी, काढावी लागते आणि वरचं आतडं खाली आणून जोडतात. ते आतडं साठवायला शिकलेलं नसतं. शेकाईमुळे तिथला भाग ताठर होतो, ताणला जात नाही. ऑपरेशनमध्ये बारीक नसा दुखावतात, स्नायूंचं कडं सैल पडतं. त्यात पिशवी असताना कित्येक महिने खालच्या आतड्यातून काही गेलेलंच नसतं. म्हणून पिशवी काढल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत अवघड जातात.

या सगळ्या त्रासाला डॉक्टर थोडक्यात 'लार्स' म्हणतात. पूर्ण नाव लो अँटेरिअर रिसेक्शन सिंड्रोम. हे नाव पाठ करायची गरज नाही, पण दवाखान्यात "मला लार्सचा त्रास होतोय का?" असं विचारलं तर समोरच्याला लगेच कळतं. २०१२ साली डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी यासाठी पाच प्रश्न तयार केले, ते आता बऱ्याच देशांत वापरतात. वारा रोखता येतो का? पातळ शौच नकळत गळतं का? दिवसात किती वेळा जावं लागतं? एकदा जाऊन आल्यावर तासाच्या आत परत जावं लागतं का? आणि कळ आली की धावतच सुटावं लागतं का? प्रत्येक उत्तराला गुण आहेत, बेरीज ० ते ४२. २० पर्यंत असेल तर त्रास नाही असं धरतात, २१ ते २९ म्हणजे थोडा, ३० आणि त्यावर म्हणजे जास्त. काकूंचे पाचही प्रश्नांना "होय" होतं. त्या सिस्टरला म्हणाल्या, "तुमाला कसं कळलं? मी तर कुणालाच सांगितलं न्हाई." हे पाच प्रश्न कुणाच्या तरी वहीत आधीच लिहिलेले आहेत, म्हणजे असं होणारी आपण एकटी नाही, एवढं कळल्यावरच त्यांचा चेहरा बदलला.

सगळ्यांना सारखा त्रास होत नाही. गाठ जितकी खाली, टाकी जितकी जास्त कापलेली, तितका त्रास जास्त. शेकाई झालेली असेल तर, जोडलेली जागा मध्ये गळलेली असेल तर, पिशवी फार दिवस राहिली असेल तर जास्त. बहुतेक सुधारणा पहिल्या वर्षात होते, दीड-दोन वर्षांपर्यंत थोडी थोडी होत राहते. काही जणींना थोडा त्रास कायमचा राहतो. तो पूर्ण जाईल असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण पोत्यावर बसून दिवस काढण्यापासून आपल्या वेळेला घराबाहेर पडण्यापर्यंत येता येतं.

गटाच्या वहीसारखीच एक वही

सिस्टरने पहिलं औषध दिलं ते वही. आपल्याला वह्यांची सवय आहेच. चार रकाने आखायचे: वेळ, काय खाल्लं-प्यायलं, संडासला कधी गेले, कसं झालं (पातळ, मऊ, घट्ट, नुसता वारा). काकूंना लिहिता येतं पण चष्मा फुटला होता, म्हणून नातीने लिहिलं. नातीने "कसं झालं" च्या रकान्यात चित्रं काढली होती, ती बघून दवाखान्यातले शिकाऊ डॉक्टरही हसले.

दोन आठवड्यांत वही बोलायला लागली. दिवसभर त्रास होतो असं काकूंना वाटत होतं, पण सात-आठ वेळांपैकी पाच-सहा वेळा सकाळी सात ते साडेनऊच्या आत व्हायच्या. नंतर दुपारच्या जेवणापर्यंत शांत. म्हणजे आमची साडेआठची बैठक नेमकी त्यांच्या सर्वांत वाईट वेळेला होती. ज्या दिवशी रात्री ठेचा आणि वाटाण्याची उसळ, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळ वाईट. दुधाचा चहा तीनदा झाला की दुपारही वाईट. आणि ज्या दिवशी उपाशी राहिल्या त्या दिवशी शौच कमी झालंच नव्हतं, नुसता वारा आणि चिकट पातळ स्राव होत होता, त्याने कातडी जास्त सोलवटली होती.

इथे एक गोष्ट समजून घ्या. पोटात अन्न पडलं की आतडं हलायला लागतं, हे सगळ्यांचंच होतं. तान्हं बाळ पाजल्यावर लंगोट ओलं करतं, ते बघितलंय ना? टाकी असलेल्या माणसाला ते जाणवत नाही. टाकी नसलेल्या माणसाला लगेच जाणवतं. त्यामुळे एकदम भरपेट जेवलं तर एकदम जोरात कळ. उपाय उपाशी राहणं नाही, थोडं थोडं चार-पाच वेळा खाणं आहे. रात्रीचं जेवण लवकर, झोपायच्या दोन-तीन तास आधी आणि हलकं. सकाळी लवकर उठून गरम पाणी किंवा थोडं काही खाऊन मुद्दाम आतडं जागं करायचं, म्हणजे काय व्हायचं ते घरी असताना होऊन जातं.

काय खावं, काय टाळावं

यावर गावात जितकी तोंडं तितके सल्ले मिळतील. काकूंना कुणी सांगितलं भाकरी बंद, कुणी सांगितलं भाजी बंद, कुणी सांगितलं नुसत्या कण्या प्या. त्यांनी सगळ्यांचं ऐकलं आणि अंगातलं बळ घालवलं. एकीला जे बाधतं ते दुसरीला बाधतंच असं नाही. म्हणून वही बघायची, एका वेळी एकच पदार्थ आठवडाभर बंद करायचा आणि फरक पडतो का बघायचा. फरक नाही पडला तर तो पदार्थ परत ताटात.

साधारणपणे त्रास देणारे पदार्थ असे: हिरवी मिरची, ठेचा, तळलेलं, दुधाचा जास्त चहा, कॉफी, दूध (काहींना दूध पचत नाही, पण दही-ताक चालतं), वाटाणे-हरभरे-छोले, कोबी, फ्लॉवर, कच्चा कांदा, सालीसकट आणि बियांसकट फळं, दारू. शौच बांधून यायला मदत करणारे: मऊ भात, दहीभात, पिकलेलं केळं, उकडलेला बटाटा, साल काढून शिजवलेलं सफरचंद, मऊ मुगाची खिचडी. भाकरी बंद करू नका, पातळ आणि मऊ करा, वरणात किंवा ताकात कुस्करून खा, नीट चावा. अंडं, मूगडाळ, पनीर, मासा यातलं जे घरात चालतं ते घ्या, कॅन्सरच्या उपचारानंतर अंगाला प्रथिनं लागतात.

इसबगोल म्हटलं की आपल्याला बद्धकोष्ठ आठवतं. काकू तर घाबरल्याच, "आणि पातळ करायचंय का?" पण इसबगोल पाणी धरून ठेवतो. त्यामुळे पातळ शौच घट्टसर, एकत्र बांधलेलं येतं आणि तुकड्यातुकड्यात दहा वेळा जाण्याऐवजी दोन-तीन वेळांत काम होतं. डॉक्टरांना विचारून लहान चमच्याने सुरुवात करायची, जेवणाबरोबर, आणि पाण्यात किंवा ताकात ढवळून लगेच प्यायचं. कोरडं तोंडात टाकायचं नाही, घशात अडकतं. पहिले काही दिवस पोट थोडं फुगतं.

पातळ जास्त होत असेल तर डॉक्टर लोपेरामाइड नावाची गोळी देतात. ती आतड्याची चाल हळू करते. जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घेतली की चांगली लागू पडते. लग्नाला किंवा प्रवासाला जायच्या दिवशी काही जणी तेवढ्यापुरती घेतात. किती घ्यायची ते डॉक्टरच ठरवणार. मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नका, आणि ताप असेल, शौचात रक्त असेल किंवा पोट फुगून दुखत असेल तर तर मुळीच नको. आणि हो, शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीनेही काहींना पातळ होतं. शुगर असेल तर चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घेऊन जा.

पाणी कमी पिऊन शौच कमी होत नाही, अंग मात्र सुकतं. जास्त जुलाब झाले तर एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, हे मोजून. मीठ अंदाजाने टाकू नका.

दार धरायचा व्यायाम

बाळंतपणानंतर काही जणींना हा व्यायाम शिकवलेला असेल. पाटावर किंवा पाठीवर पडून, गुडघे वाकवून. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जसं आत ओढून धरतो, तसं शौचाची जागा आत आणि वर ओढायची. मांड्या, ढुंगण, पोट आवळायचं नाही, श्वास रोखायचा नाही. मनात पाच आकडे मोजायचे, सोडायचं, तेवढाच वेळ विश्रांती. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पुढे हळूहळू दहा आकड्यांपर्यंत. ऑपरेशनची जोडलेली जागा भरली आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करायचं. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. बऱ्याच जणी पंधरा दिवसांत सोडून देतात आणि "काही होत नाही" म्हणतात. काकूंनी चुलीवर दूध तापत असताना करायची सवय लावून घेतली. दूध उतू गेलं तरी मोजणं थांबवलं नाही, असं सून सांगते.

याच्या जोडीला कळ रोखायचा सराव. कळ आली की आपण धावतो, आणि धावताना पोटावर दाब येऊन जास्त गळतं. त्याऐवजी जागेवर उभं राहायचं किंवा बसायचं, जागा आवळायची, दोन-तीन संथ श्वास घ्यायचे. कळेची लाट थोडी उतरते. मग चालत जायचं, पळत नाही. आधी अर्धा मिनिट, मग एक, मग दोन. पहिल्यांदा हे संडासाच्या शेजारी उभं राहूनच करायचं, म्हणजे धाक नाही.

संडासात कुंथायचं नाही. एकदा झाल्यावर लगेच न उठता थोडा वेळ बसावं, किंवा उठून चार पावलं फिरून पुन्हा बसावं, म्हणजे उरलेलं येऊन जातं. खाली बसायचा संडास पोट साफ व्हायला चांगलाच, पण गुडघे साथ देत नसतील तर मध्ये भोक असलेली कमोड खुर्ची मिळते. तिच्यावर बसताना पायाखाली पाट घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर यायला हवेत.

कातडीची काळजी

यावर कुणी बोलत नाही आणि खरी आग तिथेच होते. दिवसात आठ वेळा धुतलं, पुसलं की कातडी सोलवटते. साबण, जंतुनाशक पाणी लावू नका. साध्या कोमट पाण्याने धुवा, जुन्या मऊ सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. वाळल्यावर झिंक ऑक्साइडचं मलम किंवा व्हॅसलीन पातळ थरात लावा. आत सुती चड्डी आणि घडी. घडी ओली झाली की बदला, दिवसभर एकच ठेवू नका. काकू पाळीच्या वेळच्या जुन्या घड्या वापरत होत्या, त्या धुऊन लपवून अंधारात वाळत घालायच्या. कापड उन्हातच वाळायला हवं, नाहीतर खाज सुटते. सुनेने सरळ अंगणातल्या दोरीवर इतर कपड्यांत घातल्या. दोन दिवस शेजारणींनी पाहिलं, तिसऱ्या दिवशी कुणी पाहिलं नाही.

मलमपट्टी करूनही कातडीतून पाणी येत असेल, बुरशीसारखं पांढरं दिसत असेल तर दाखवा.

एसटीचा प्रवास कसा केला

आदल्या रात्री दहीभात, सकाळी साडेचारला उठून गरम पाणी आणि थोडा भात, मग सकाळचं सगळं आवरेपर्यंत थांबलो. पहिली गाडी सोडून दहाची धरली. डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे एक गोळी. पिशवीत दोन लुगडी, चार घड्या, पाण्याची बाटली, मलम, वापरलेलं ठेवायला दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या. दाराजवळची जागा. कंडक्टरला आधीच सांगून ठेवलं, "आजारी माणूस आहे, गरज पडली तर गाडी थांबवा." तो "बरं ताई" म्हणाला, बस्स. वाटेत एकदाच, मधल्या स्थानकावर उतरावं लागलं. महिला सन्मान योजनेमुळे तिघींचं अर्धं तिकीट. दवाखान्यात महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटलो. ऑपरेशन आणि शेकाई या योजनेतून झाली असेल तर पुढच्या तपासण्यांपैकी कशाकशाचे पैसे लागतील ते त्यालाच विचारावं, आणि जुनी फाइल, रेशन कार्ड, आधार सोबतच ठेवावं.

एवढं करूनही नाही जमलं तर

वर्षभर नेटाने केलं तरी त्रास जास्त राहतो अशा बायका असतात, पुरुषही. मोठ्या दवाखान्यांत आणखी उपाय आहेत. स्नायूंची ताकद यंत्रावर बघून व्यायाम शिकवतात. खालच्या बाजूने ठरावीक साधनाने पाणी सोडून एकदाच आतडं साफ करायची पद्धत असते, तिने पुढचा दिवसभर मोकळा मिळतो. मात्र ती शिकूनच करायची, जोडलेल्या आतड्यात घरच्या घरी एनिमा कधीही घ्यायचा नाही. नसेला हलका विजेचा ठोका देणारं छोटं यंत्र बसवतात, ते महाग आहे. आणि शेवटचा पर्याय म्हणजे पोटावर कायमची पिशवी. ऐकून वाईट वाटतं, पण काही जणी स्वतःहून ती मागतात, कारण पिशवी घेऊन शेतात जाता येतं आणि संडासाच्या दाराशी बसून जाता येत नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं, सासरच्यांनी किंवा डॉक्टरांनी परस्पर नाही.

लघवी अडणं किंवा गळणं, नवऱ्याजवळ जाताना दुखणं, हेही या ऑपरेशन-शेकाईनंतर होऊ शकतं. त्याच नसा, तीच जागा. डॉक्टर पुरुष असतील तर सिस्टरला सांगा, पण सांगा.

खालीलपैकी काहीही झालं तर वही, व्यायाम बाजूला ठेवून लगेच दवाखाना: शौचात नव्याने रक्त, ताप आणि पोटदुखी, उलट्या होऊन शौच आणि वारा दोन्ही बंद, जुलाब होऊन लघवी कमी आणि चक्कर, खाऊनही वजन उतरत जाणं, बसलेली घडी अचानक बिघडणं. आणि ठरलेली तपासणीची तारीख चुकवायची नाही, त्रास नसला तरी.

ज्यांना काहीच झालेलं नाही त्यांच्यासाठी एकच वाक्य: शौचावाटे रक्त पडतंय किंवा पोटाची सवय महिनाभरात बदललीय तर मूळव्याधच असेल असं धरून आठ महिने घालवू नका, एकदा तपासून घ्या.

गटात काय बदललं

काकूंनी स्वतःच सांगितलं, म्हणून बैठकीत बोलता आलं. बैठक आता दुपारी तीनला होते, पारावर नाही, अध्यक्षांच्या ओसरीवर, कारण तिथे संडास दहा पावलांवर आहे आणि बादली भरलेली असते. काकू दाराच्या बाजूला बसतात. मध्येच उठल्या तर कुणी "कुठं चालला" विचारत नाही, चर्चा चालू राहते. त्यांच्या घरच्या संडासात दिवा नव्हता, रात्री बॅटरी तोंडात धरून जायच्या. ग्रामसंघाच्या जोखीमप्रवणता निधीतून त्यांना बिनव्याजी रक्कम दिली, त्यात दिवा, धरायला कठडा आणि कमोड खुर्ची झाली. गैरहजेरीच्या नियमात "आजारपण असेल तर घरी जाऊन विचारल्याशिवाय दंड लावू नये" अशी ओळ घातली. ती ओळ मीच लिहिली, माझ्याच अक्षरात.

दिवाळीपर्यंत काकू दिवसातून तीन-चार वेळांवर आल्या. ठेचा अजून बाधतो, त्या अजून चोरून खातात, आणि दुसऱ्या दिवशी वहीत प्रामाणिकपणे लिहितात. वजन चार किलोने वाढलंय. शेळ्यांच्या कर्जाचा हप्ता चालू आहे.

ते नव्वद रुपये परत द्यायचे ठरले तेव्हा कोषाध्यक्ष ताई अडल्या, की रोकडवहीत हे कोणत्या खात्यावर टाकायचं? दंड परतावा असा रकानाच नाही. बराच वेळ वाद झाला. शेवटी काकू म्हणाल्या, "इतर खर्चात टाका गं, अन् चहा सांगा. माझा बिनदुधाचा."